अक्काच्या फ्रिजची लाईट

त्या शनिवारी मी नांदेडहून रेणापूरला गेलो, तो अक्काला कायमचं माझ्या घरी आणायला. तिचं घर बंद करायचं, भांडी बांधायची, आणि सोमवारी तिला घेऊन निघायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. ठरवलं मी होतं. तिनं फक्त "ने बाबा" म्हटलं होतं.

अक्का माझी मोठी बहीण. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, त्यानंतर माझी शाळा, कपडे, दुखणीखुपणी सगळं तिनं बघितलं. लग्न होऊन ती रेणापूरला गेली तेव्हा मीही तिच्या मागोमाग गेलो आणि दहावीपर्यंत तिथंच राहिलो. पुढं तिनं तीस वर्षं अंगणवाडी चालवली. भाऊजी वारल्यावर ती एकटीच राहते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर स्लॅब, पुढं कडीपत्त्याचं झाड. तिला बऱ्याच वर्षांपासून साखर आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन ती स्वतःच घेते, आणि त्यात तिनं कधी नागा केल्याचं मला माहीत नाही. सकाळी उठली की बाटली फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवायची, थंडपणा जायला. मग आंघोळ, वंदना. मग बाटली दोन तळहातांत हळूहळू घोळवायची, इंजेक्शन घ्यायचं, आणि मग नाष्टा. पाहुणे आले म्हणून हा क्रम बदललेला मी पाहिला नाही.

तरीही तिची साखर वाढायला लागली. उन्हाळ्यात वाढली, पावसाळा लागला तरी उतरेना. जूनमध्ये मी तिला घेऊन लातूरला तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. आदल्या रात्री तिच्या घरी मुक्कामाला होतो, तेव्हा चहापत्ती शोधताना फळीवर डब्यांच्या मागं मला गुळाची अर्धी ढेप दिसली होती. मी तिला काही विचारलं नाही, आणि ते चुकलं. डॉक्टरांनी कागद बघून विचारलं, "मावशी, गोड होतंय का खाण्यात?" अक्का म्हणाली, "न्हाई साहेब. चहा बी बिनसाखरेचा हाय." आणि मी शेजारून बोललो, "डॉक्टरसाहेब, घरात गूळ सापडतो. ती खोटं बोलते."

अक्कानं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. डॉक्टरांनी डोस वाढवला. परत येताना एसटीत ती खिडकीकडे बसली आणि रेणापूर येईपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. गूळ शेजारणीच्या नातवंडांसाठी होता, हे मला पुढं समजलं. त्या वेळी मात्र मला वाटलं, पकडली गेली म्हणून गप्प आहे.

महिनाभरानं साखर आणखी वाढली आणि मी निर्णय घेतला. हिला आता स्वतःकडे बघणं जमत नाही. नांदेडला आमच्या डोळ्यांसमोर राहील. मी फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ने बाबा. तुला माझा भरवसा न्हाई, तर ने."

तर त्या शनिवारी मी पोचलो तेव्हा तिनं निम्मं आवरलं होतं. गाद्या बांधल्या होत्या, भांडी पोत्यात भरली होती. फ्रिज तिनं शेजारणीला द्यायचं ठरवलं होतं. ही शेजारीण म्हणजे अंगणवाडीतली तिची मदतनीस, दोघींनी पंचवीस वर्षं एकत्र खिचडी शिजवलेली.

"आधी त्याची लाईट नीट कर," अक्का मला म्हणाली. "आत अंधार असलेला फ्रिज कसा द्यावा माणसाला? देताना धड द्यावं."

"बल्ब गेला असेल. आणतो बदलून."

"आता आणतो म्हण. जायच्या येळंला."

या टोमण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. आत बल्ब लागत नाही हे मी जूनमध्येही पाहिलं होतं. पाण्याची बाटली चाचपून काढली होती आणि दार लावून टाकलं होतं.

मी फ्रिजचं दार उघडलं. एका दाराचा जुना फ्रिज, भाऊजी असताना घेतलेला. आतलं सामान काढून ओट्यावर ठेवलं. दुधाच्या पातेल्यात कडेनं बर्फाची चकती धरलेली होती. कोथिंबिरीची जुडी काचेसारखी कडक. मागच्या बाजूला, बर्फाच्या कप्प्याच्या अगदी खाली, तिचा इंजेक्शनचा स्टीलचा डबा होता, तोही काढला. मग प्लग काढला आणि मोबाइलच्या उजेडात आत डोकं घातलं. उजव्या भिंतीवर पांढरं प्लास्टिकचं झाकण होतं. दोन्ही बाजूंनी दाबल्यावर ते निघालं, आतला छोटा बल्ब फिरवून काढला आणि खिशात टाकून बाजारात गेलो.

इलेक्ट्रिकचं दुकान चौकातच आहे. दुकानदार पन्नाशीचा, काउंटरवर एक पंखा उघडून बसला होता. शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"काय पाहिजे सर?"

"फ्रिजची लाईट गेलीय."

त्यानं मान वर करून छताच्या पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. "आमची तर हाय. कोणत्या गल्लीची गेली?"

"गल्लीची नाही. फ्रिजची."

"फ्रिजची एकट्याचीच? काय केलं त्यानं, बिल भरलं न्हाई का?"

दोन्ही गिऱ्हाइकं हसली. मी खिशातून बल्ब काढून काउंटरवर ठेवला.

"मग बल्ब गेला म्हणा की! लाईट गेली म्हणलं की आमाला वाटतंय लाइनमनला फोन करावा." त्यानं बल्ब उचलला, आटे पाहिले आणि मागच्या खोक्यातून तसाच नवीन काढून दिला. "लावायच्या आधी प्लग काढा सर. न्हाईतर तुमचीच लाईट जाईल."

ते पुन्हा हसले. मी हसू शकलो नाही. बल्ब हातात घेऊन दुकानाच्या पायरीवरच उभा राहिलो.

आमच्याकडे लाईट जाते म्हणजे वीज जाते. लाईट आली का, लाईट कधी येईल, हे आमचं रोजचं बोलणं. आणि हेच वाक्य, शब्दाला शब्द, अक्कानं मला फोनवर सांगितलं होतं. मार्चअखेर होता. ऑफिसात बिलांचा ढीग होता. ती म्हणाली, "अरे, फ्रिजची लाईट गेली बघ." मी म्हणालो, "येईल गं." ती म्हणाली, "कशी येईल?" मी म्हणालो, "येईल संध्याकाळपर्यंत. तिकडं काहीतरी काम चाललं असेल." चार-पाच दिवसांनी पुन्हा फोन. "फ्रिजची लाईट आजून आली न्हाई." मी म्हणालो, "ऑफिसला तक्रार कर ना." ती म्हणाली, "फ्रिजची तक्रार लाईटच्या हापिसात करू?" आणि हसली. मीही हसलो. ती कशाला हसली हे विचारावंसं मला वाटलं नाही. ती काय म्हणते ते अर्धंच ऐकायचं आणि उरलेलं आपल्या मनानं भरून घ्यायचं, अशी मला सवय लागली होती. ही सवय फक्त तिच्याच फोनपुरती होती. साहेबांचा फोन मी उभा राहून ऐकतो.

तिसरा फोनही होता. पण तो मला त्या पायरीवर आठवला नाही. तो घरी जाऊन आठवला.

घरी येऊन नवा बल्ब बसवला, प्लग लावला. अंधारच. फ्रिजचा आवाज सुरू झाला, म्हणजे वीज येत होती. मी बल्ब पुन्हा काढला, पुन्हा घट्ट बसवला. काही नाही.

अक्का दारात उभी होती. "न्हाई आली?"

"नाही."

"येईल संध्याकाळपर्यंत," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती पदरानं डब्याचं झाकण पुसत होती, चेहऱ्यावर काही नव्हतं. सगळं तिच्या लक्षात होतं. पहिल्या दिवसापासून होतं.

मी खाली मान घालून दाराच्या चौकटीवर हात फिरवायला लागलो. फ्रिजचं दार लागलं की आतला दिवा विझावा म्हणून चौकटीत एक पांढरं बटण असतं. दार त्याला दाबून धरतं, दार उघडलं की ते बाहेर येतं आणि दिवा लागतो. अक्काच्या फ्रिजचं ते बटण आतच रुतून बसलं होतं. दार सताड उघडं असूनही दिव्याला ते लागलेलंच वाटत होतं. नखानं बाहेर ओढायला गेलो तर बोटाला चिकट, तपकिरी काहीतरी लागलं. मी ते हुंगलं. गोड वास आला. मी तिच्याकडे वळलो, आणि काय विचारणार होतो ते तिनं ओळखलं.

"काकवी न्हाई ती," ती म्हणाली. "तुझी बाटली हाय. शिवरात्रीला आला हुतास तवा दार उघडून तिथंच फोडलीस न्हाई का ती गॅसची बाटली? फसफसून समदीकडं उडाली. फरशी पुसलीस अन् गेलास."

तसं झालं होतं. थंड पेयाची बाटली एसटीत हिंदकळून आली होती आणि मी ती फ्रिजसमोरच उघडली होती. बटणात तेच वाळलं होतं की दुसरं काही, हे खात्रीनं सांगता येणार नाही. पण तिच्याशी वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

प्लग काढून मी कोमट पाण्यात फडकं बुडवलं आणि बटणाभोवती धरून ठेवलं. मग जुन्या टूथब्रशनं कडा घासल्या. पाच-सात मिनिटांत बटण हललं, मग हळूच बाहेर आलं. चार-सहा वेळा दाबून सोडलं, कोरडं पुसलं, प्लग लावला. दिवा लागला. जुना बल्ब लावून पाहिला, तोही लागला. त्याच्यात काही बिघाड नव्हताच. मी उगाच त्याच्यावर आळ घेऊन बाजारात गेलो होतो.

आता आत स्वच्छ दिसत होतं. आणि पहिल्यांदा दिसलं ते बल्बच्या शेजारचं गोल बटण, थंडी कमी-जास्त करायचं. त्याचा काटा सातावर होता. सातच्या पुढं आकडाच नव्हता. अक्काचा फ्रिज नेहमी तीनवर असायचा, भाऊजींनी लावून दिला होता.

"हे सातवर कुणी केलं?"

"मीच केलं असंल. लाईटीच्या शेजारी हाय म्हणून वाटलं, त्येचंच बटन असंल. अंधारात आकडे कुठं दिसतेत मला? फिरवलं, लाईट काय लागली न्हाई, मग सोडून दिलं. तुला इचारलं हुतं की. तू म्हणलास, बघ फिरवून."

हा तिसरा फोन. "ते आतलं गोल बटन फिरवून बघू का रे?" समोर शिपाई सहीसाठी फाईल धरून उभा होता. मी म्हणालो होतो, "बघ फिरवून."

"मग दुधाला बर्फ धरायला लागला तेव्हा?"

"म्हणलं, जुना असून बी चांगली थंडी धरून राहिला."

मी ओट्यावरचा स्टीलचा डबा उघडला. कापसात दोन बाटल्या होत्या, एक न उघडलेली, एक चालू. चालू बाटली मी फ्रिजच्या दिव्यासमोर धरली आणि तिरपी केली. आतलं पांढरं औषध हललं, पण काचेच्या आतून बारीक कणी चिकटलेली होती, दूध नासायला लागल्यावर भांड्याला लागते तशी. न उघडलेली तिरपी केली तर आत काहीच हललं नाही. तो अजून बर्फाचा गोळा होता.

मी औषधाच्या दुकानात फोन लावला, जिथून ती बाटल्या आणते. तिथला दुकानदार म्हणाला, "एकदा गोठलं की गेलं ते. वितळलं तरी वापरू नका, त्यात जोर राहत नाही. दोन्ही टाकून द्या, नवीन घेऊन जा. आणि नव्या औषधाचा पूर्ण जोर लागेल, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवलेला डोस देऊ नका."

फोन ठेवला आणि मी बांधलेल्या गादीवर बसलो. तिनं चार महिने एकही दिवस न चुकता, रोज दोन वेळा, स्वतःच्या पोटाला सुई टोचली होती. रोज सकाळी बाटली ओट्यावर ठेवून वितळवली होती, थंडपणा जावा म्हणून. त्या कण्या तिच्या डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं. तिचं काही चुकलं नव्हतं. आणि मी तिला खोटी म्हणालो होतो.

"अक्का, चुकलं माझं," मी म्हणालो.

ती पोत्याचं तोंड बांधत होती. तिनं विचारलं, "कोणतं?"

मी एकेक सांगायला लागलो. फोन नीट ऐकला नाही ते. बटण फिरव म्हणालो ते. जूनमध्ये अंधार पाहून दार लावून टाकलं ते. गूळ सापडल्यावर तिला न विचारता मनात धरून ठेवलं ते. औषध गोठून वाया गेलं होतं आणि साखर त्यानं वाढली होती, तिच्या खाण्यानं नाही, हेही सांगितलं. ती पोतं सोडून माझ्यासमोर पाटावर बसली.

"फोनचं जाऊ दे. तू लहानपणापासून असाच. हाका मारून घसा बसायचा माझा. पण डॉक्टरपुढं बोललास ते लागलं मला. दार उघडं हुतं. भाईर बाकड्यावर दोन बाया बसल्या हुत्या, त्यातली एक आमच्याच गावची. तीस वर्षं मी लोकांच्या लेकरांची वजनं केली. आयांना सांगितलं, ह्ये खाऊ घाला, ह्ये नका घालू. अन् माझा भाऊ म्हणतो, ही चोरून गूळ खाती."

"मी काय करू आता?"

"जिथं बोललास तिथं जाऊन सांग."

"फोन करतो डॉक्टरांना आत्ताच."

"फोनवर बोलला हुतास का?"

शनिवारी-रविवारी तिनं नव्या आणलेल्या बाटलीतून जूनच्या आधीचाच डोस घेतला. सोमवारी आम्ही नांदेडला निघायच्या ऐवजी लातूरला गेलो. दोन्ही बाटल्या मी रुमालात गुंडाळून बरोबर घेतल्या होत्या. दोन तास नंबर यायची वाट पाहिली. आत जाताना मी सवयीनं दार ओढून घ्यायला लागलो, तर अक्कानं हातानं ते अडवलं आणि उघडंच राहू दिलं.

डॉक्टरांनी बाटल्या पाहिल्या, मान हलवली. "हो, गोठलेलं दिसतंय. होतं असं बऱ्याच घरांत." ते डोस पुन्हा लिहायला लागले. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मागच्या वेळी मी गुळाचं बोललो होतो, तसं काही नव्हतं." त्यांनी मान वर न करता म्हटलं, "असू द्या, असू द्या." त्यांना ते आठवतही नसावं.

अक्का खुर्चीत ताठ बसून होती. हळू आवाजात मला म्हणाली, "नीट सांग."

मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती, पण बसून बोलणं जमेना. मी म्हणालो, "माझी बहीण गोड खात नाही. तिनं एकही इंजेक्शन चुकवलं नाही. मी तिला तुमच्यासमोर खोटी म्हणालो, ते मी चुकीचं बोललो." माझा आवाज मला वाटलं त्याहून मोठा निघाला. बाहेरच्या बाकड्यावरची कुजबूज थांबली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून आधी माझ्याकडे आणि मग अक्काकडे पाहिलं.

"मावशी, तुमचं रोजचं टिपण ठेवता का कुठं?" त्यांनी विचारलं.

"ठेवते की. आणलंय." तिनं पिशवीतून वही काढली. अंगणवाडीच्या रजिस्टरसारख्या उभ्या रेघा मारलेल्या, तारीख, वेळ, डोस, काय खाल्लं. चार महिन्यांचं एक पानही रिकामं नव्हतं. ही वही जूनमध्येही तिच्या पिशवीत होती. माझ्या त्या बोलण्यानंतर तिनं ती बाहेर काढली नव्हती.

डॉक्टर ती वही शांतपणे वाचत राहिले. मी उभाच होतो.

आता तिची साखर बरीच उतरली आहे. एकदम नाही उतरली, दीड महिना लागला, आणि डोळ्यांची तपासणी अजून व्हायची आहे. त्या चार महिन्यांत आत कुठं काय बिघडलं असेल, याची धास्ती मला आहे, ती मी तिला बोलून दाखवत नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून आम्ही बसस्टँडवर आलो. गाद्या, पोती सगळी रेणापूरला बांधलेली पडली होती. मी म्हणालो, "अक्का, मी येतो बरोबर. सामान सोडून लावायला."

"माझी मदतनीस हाय की. दोघी लावू." तिनं माझ्या हातातली नव्या बाटल्यांची पिशवी घेतली. बाटल्या थंड राहाव्यात म्हणून औषधाच्या दुकानदारानं तिच्यात बर्फाची पुडी घातली होती. अक्कानं पुडी बाजूला करून ती आणि बाटल्या यांच्या मधे आपला रुमाल घातला.

"मग नांदेडला?"

"दिवाळीला येईन. चार दिवस. पाव्हणी म्हणून."

रेणापूरची गाडी लागली. ती पिशवी छातीशी धरून चढली आणि या वेळी माझ्या बाजूच्या खिडकीशी बसली. गाडी सुटेपर्यंत मी खाली उभा होतो. तिनं एकदा मान वळवून विचारलं, "तुझी गाडी कितीला हाय?"

मी सांगितलं.

"मग जा की. हितं काय करून राहिलास?"

गाडी निघाली. मी आणखी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो आणि मग अहमदपूरवरून जाणाऱ्या नांदेडच्या गाडीच्या फलाटाकडे गेलो.